मशीन पाचवर होतं

१

दादा गेले तेव्हा मशीन चालू होतं. हिरवा दिवा लागलेला, नळीतून वारा येत असलेला आणि कळ पाचवर.

घरात आलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं आणि त्यावरूनच माझ्या आईचा निकाल लावला.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. नांदेडच्या एका जिनिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं आणि कापसाच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं खाल्ली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं, पण कळ दोनच्या पुढे न्यायची नाही असं बजावलं. अशा रुग्णाला जास्त ऑक्सिजनही मारक ठरतो. त्या दुपारी दादांचे ओठ निळे पडले, ते उशी नखांनी ओरबाडू लागले आणि आईनं कळ पाचवर नेली. रुग्णवाहिका यायच्या आत सगळं संपलं.

दवाखान्यात डॉक्टरांना माहिती दिली ती माझ्या चुलतभावानं, विनोदनं. "मोठ्या आईनं पाचवर केलं होतं, सर." डॉक्टर म्हणाले, "करायला नको होतं."

मी लातूरहून पोचेपर्यंत हे वाक्य यशोधरा नगरच्या प्रत्येक ओट्यावर पोचलं होतं. बायका आईला मिठी मारून रडायच्या आणि बाहेर जाऊन तेच बोलायच्या. आई, पारूबाई, जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. ताटातला भात वाळून जाई.

रविवारी दादांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. शुक्रवारी शेजारच्या पंचफुलाबाई आल्या. "मनिषा, राग मानू नको. माझा दीर नायगावला धापा टाकायलाय. ते मशीन पडूनच हाय, तर..."

मी हो म्हटलं आणि देण्याआधी ते पुसायला बसले. चालू केलं. घरघर ऐकताच आई उठून आतल्या खोलीत गेली.

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. ऑक्सिजन ओळखायचा कसा, हे दरवर्षी मुलांना दाखवते. खिडकी उघडली, फोटोपुढची मेणबत्ती विझवली आणि धुमसती अगरबत्ती लांबून मशीनच्या तोंडाशी नेली. ती फर्रकन पेटायला हवी होती. फुंकर घातल्यासारखी जराशी लाल झाली, इतकंच. कळ पाचवर नेली. तरी तेवढीच.

ते मशीन ऑक्सिजन देतच नव्हतं. खोलीतली हवा ते खोलीतच सोडत होतं.

२

मशीन किती तास चाललं याचा आकडा मागच्या बाजूला एका बारीक काचेत दिसतो. आमच्याकडे ते दिवाळीपासून होतं आणि आकडा पार दहा हजारांच्या पुढे गेलेला. कोरं म्हणून घेतलेलं मशीन जुनाट निघालं होतं.

मी आईपुढे जाऊन बसले. अगरबत्तीचं सांगितलं नाही. पुराव्याशिवाय दिलेला दिलासा दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून घेतं.

"आई, मशीन कुणी निवडलं?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "विनोदनं. त्याच्याच मोबाइलवर सेल लागला होता. मी म्हणलं, मनिषाला इचारू. तर म्हणला, मोठी आई, ते घड्याळ बघ, उलटं पळायलंय, तोवर माल खलास होतोय. तुझे दादा म्हणले ते दुसरं बारकं मशीन बघ, त्याला आवाज कमी असंल. तर न्हाई म्हणला. हेच घ्यायचं."

घड्याळ उलटं पळू लागलं की माणूस विचार करायचा थांबतो, म्हणूनच ते पळवतात. विकणारा कोण, हमी कुणाची, वस्तू परत घेतात का, हे तीन प्रश्न विचारायला चहा गार होण्याइतका वेळ पुरतो. आमच्या घराला तेवढा दिला गेला नाही.

"आलं तेव्हा उघडलं कुणी?"

"मीच. विनोद दुसऱ्या दिवशी दुपारी घेऊन आला, आदल्या सांजेला बालाजीचं दुकान बंद होतं म्हणला. कोरं होतं, मनिषा. कळीभोवतीचं प्लास्टिक ह्या हातानं सोललं मी." तिनं दादांच्या गोळ्यांच्या डब्याकडे बोट केलं. चांगलं प्लास्टिक वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं ते झाकणाला चिकटवलं होतं.

"दादांना बरं वाटायचं का त्यानं?"

"म्हणायचे, वारा येतोय पण जीव भरत न्हाई. मी विनोदला म्हणलं, परत कर. तो म्हणला, सेलचा माल परत घेत न्हाईत." तिचा आवाज फाटला. "म्हणून मी पाचवर केलं गं."

त्या कंपनीचं पान मी माझ्या फोनवर उघडलं. सेल असो वा नसो, सदोष माल सात दिवसांत परत घेऊ, असं तिथं ठळक अक्षरांत होतं.

डब्यावरचं प्लास्टिक मी उजेडात धरलं. त्याचे कोपरे गोल होते आणि वरच्या कडेला कॅमेऱ्यासाठी एक खाच होती. ऑक्सिजनच्या मशीनला कॅमेरा कशाला लागतो?

३

कुरियरची पोरं आमच्या गल्लीत येत नाहीत. 'पत्ता सापडत नाही' असा निरोप धाडतात. गल्लीच्या तोंडाशी निळी कमान आहे, तिच्यावर हातभर अक्षरात नाव आहे, पण पत्ता सापडत नाही. म्हणून गल्लीतला प्रत्येकजण मुख्य रस्त्यावरच्या बालाजीच्या मोबाइल दुकानाचा पत्ता देतो. कुरियरवाला थांबत नाही, म्हणून ओटीपीसुद्धा फोनवर आधीच सांगून टाकतो. खोकं उघडून बघायचं, वस्तू चालवून बघायची, मग आकडा सांगायचा, हा शहाणपणा आम्हालाही ठाऊक आहे. पण त्यासाठी माल आधी दारात यावा लागतो.

बालाजी एका जुन्या प्रिंटरवर वाकून बसला होता. विकायला काढलेला प्रिंटर. त्याच्या फटींतलं काहीतरी लाल तो टाचणीनं कोरत होता.

"या ताई. केरबादादा देवमाणूस होते."

मी गोळ्यांचा डबा काउंटरवर ठेवला. "हे काय आहे?"

"स्क्रीनगार्ड. टॅबचा."

"तुमच्याकडे मिळतो?"

त्याची टाचणी थांबली. "नांदेडात शंभर दुकानांत मिळतो. का बरं?"

"आमचं मशीन तुमच्याकडे रात्रभर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलं. आदल्या संध्याकाळी दुकान बंद होतं म्हणे."

"कोण म्हणतंय?" तो उभा राहिला. "बापाच्या मौतीला अर्धं शटर वर ठेवलेला माणूस हाव मी. पार्सल आलं, ओटीपी आला, पार्सल गेलं. त्याच संध्याकाळी."

"कोण घेऊन गेलं?"

"विनोद. आणखी कोण? सगळ्या गल्लीचं तोच नेतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्यावर शक घ्यायलात का? घ्या. तुमच्या लोकांसाठी गोडाऊन झालंय माझं दुकान, अन् वरून हे ऐका."

"तुमच्या लोकांसाठी?"

त्यानं टाचणी पुन्हा प्रिंटरच्या फटीत घातली. मी डबा उचलला. बोलले असते तर थांबले नसते.

मी दुकानातून निघाले. विनोद घरचा होता. हा परका होता, त्याच्याकडे खोकं होतं, प्लास्टिक होतं आणि जिभेवर 'तुमचे लोक' होतं. चोर सापडला, अशी माझी खात्री झाली होती.

४

घरी येऊन मी मशीनची कळ काढली. प्लास्टिक जिथं चिकटवलेलं होतं त्याच जागी, कळीखालच्या खोबणीत काडी फिरवली. काडीच्या टोकाला लाल पूड आली. तिच्याखाली पिवळी.

हळद-कुंकू.

माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात कुंकवाची डबी नाही. दसऱ्याला आम्ही यंत्रांना पुजत नाही. म्हणजे हे मशीन आमच्याकडे यायच्या आधी अशा कुणाकडे होतं, जो ते पुजत होता. कुंकू प्लास्टिकच्या खाली होतं, म्हणजे प्लास्टिक नंतर चढवलं, कोरेपणाचं सोंग म्हणून.

बालाजीच्या दुकानात प्रत्येक यंत्रावर दसऱ्याचं बोट उमटलेलं असतं. आधी मला तेच आठवलं. मग टाचणी आठवली.

जुनी वस्तू नवी म्हणून खपवायची तर पहिल्यांदा फटीतलं कुंकू काढायचं, हे बालाजीच्या हाताला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांदेखत तो तेच करत होता. या मशीनवर स्क्रीनगार्ड चढवणाऱ्यानं धूळ पुसली होती, डाग घासले होते. कुंकू मात्र राहिलं. ज्याच्या घरात ते कधी लावलं गेलं नाही, त्यालाच ते शोधायचं सुचत नाही.

माझ्यासारख्याला. आमच्यातल्याच कुणाला.

मी भिंतीला टेकून बसले. पंचफुलाबाई मशीन न्यायला आल्या. मी म्हटलं, हे मशीन बाद आहे, दिराला दवाखान्यात न्या, उशीर करू नका.

त्यांनी कपाळावर हात मारला. "ऑनलाइनचं असंच! माझा मिक्सर बघ की. विनोदनंच सेलात घेऊन दिला. पहिल्याच दिवशी आतून लसणाचा वास! मी म्हणलं, कंपनीवाले लसूण वाटून बघत असतील."

"परत नाही केला?"

"सेलचा माल परत घेत न्हाईत, म्हणला. गल्लीत कुणाचाच माल टिकत न्हाई बाई. माझ्या भाचीचा तिकडं भोकरला तीन वर्षं झाली, मिक्सर मस्त चालतोय. ते बी ऑनलाइनच."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. खोक्यातलं कोरं मशीन काढून त्या जागी जुनं ठेवायचं, तर जुनं त्याच कंपनीचं, त्याच बनावटीचं हवं. नाहीतर खोक्यावरच्या चित्राशी जुळणार नाही. बालाजीला खोक्यात काय आहे ते खोकं आल्यावर कळलं. एका रात्रीत तसंच जुळं मशीन त्यानं कुठून पैदा केलं असतं? ते आधीच पाहून ठेवलेलं हवं. आणि ज्यानं ते पाहून ठेवलं, तोच सेलमध्ये नेमकं तेच मशीन निवडणार. दादा दुसरं मागत असताना 'हेच' म्हणणार.

दसरा झाल्यावर विनोद लातूरला माझ्या घरी आला होता. मित्राला दवाखान्यात बघायला आलो म्हणाला. मी त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली होती.

५

लातूरला दवाखान्यांच्या ओळीत रुग्णांचं सामान भाड्यानं देणारी दुकानं आहेत. शनिवारी मी एकेका दुकानात शिरून फक्त मशीनच्या कळीकडे बघत गेले. तिसरं दुकान उमाशंकर नावाच्या माणसाचं. त्याच्या प्रत्येक मशीनवर, कळीच्या खाली, हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं एक.

मी फोनवर विनोदचा फोटो दाखवला. "याला ओळखता?"

"गिऱ्हाईक आहे. तुम्ही कोण?"

"त्याची बहीण."

"मग त्यालाच विचारा की."

"तुमचं जुनं मशीन माझ्या वडिलांच्या नाकाला लावलं होतं. ते वारले."

उमाशंकर सावकाश खुर्चीत बसला. मग एकदम तावातावानं बोलू लागला. "बाई, मी सांगितलं होतं त्याला! कोविडात दिवसरात्र पळालेलं मशीन. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे आतले दाणे मेलेत, नुसती हवा येते, माणसाला लावायचं नाही, असं बजावून सांगितलं. सुट्या भागांसाठी पाहिजे म्हणाला. पुढं दिवाळीत एक कोरं घेऊन आला, सेलात दोन आले म्हणे, एक विकायचंय. मी घेतलं. धंदा आहे माझा."

"माणसाला लावायचं नाही, हे तुम्ही त्याला सांगितलं?"

"रेणुकामातेची शपथ. माहूरला दरसाल जातो मी."

"शपथ पोलिसांपुढं घ्या. येणार?"

त्यानं घाम पुसला. "येतो. मी काय चोर आहे?"

"कोरं मशीन कुठं आहे?"

"भाड्यानं गेलंय. औशाकडं एक म्हातारी आहे, तारामती म्हणून. तिला लावलंय. आणू का काढून? तुमचंच आहे."

त्या दुकानात मला सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा. ज्या श्वासावर माझ्या बापाचा हक्क होता, तो कुणीतरी घेत होतं आणि ती बाई निर्दोष होती.

"राहू द्या," मी म्हटलं. "तिचं मशीन काढलंत तर तुमची गाठ माझ्याशी आहे."

पण एक गोष्ट अजून मला कळत नव्हती. मिक्सर बदलणारा माणूस भुरटा असतो. दाणे मेलेत हे ऐकूनही ज्यानं ते मशीन सख्ख्या मोठ्या बापाला लावलं, तो मनात काय म्हणाला असेल? ते मला त्याच्या तोंडून हवं होतं, आणि ज्या लोकांपुढे त्यानं आईला बोल लावला त्याच लोकांपुढे.

६

रविवारी गल्लीत सतरंज्या अंथरल्या. त्रिसरण-पंचशील झालं. दादांच्या फोटोला पांढरी फुलं वाहिली. आई पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसली होती, मान खाली. बालाजी मागे उभा होता. मी सकाळी त्याच्या दुकानी जाऊन यायला सांगितलं होतं. 'शक घेतला, चुकलं' एवढंच म्हटलं होतं. तो म्हणाला होता, 'माझीबी जीभ घसरली.' आम्ही दोघांनी तेवढ्यावर भागवलं.

विनोद माइकवर आला. डोळे पुसत बोलला. मोठे बाबा, जिनिंग, कष्ट. "अन् शेवटी एवढ्याशा चुकीनं आमचा आधार गेला," तो म्हणाला. काही नजरा आईकडे वळल्या.

मी उठून माइक घेतला.

"चूक कुणाची, ते सांगते," मी म्हटलं. अगरबत्तीचं सांगितलं, तासांच्या आकड्याचं, प्लास्टिकचं, कुंकवाचं. आवाज चढवला नाही. वर्गात सांगते तसं सांगितलं. उमाशंकर रांगेच्या कडेला बसला होता. विनोदनं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, कंपनीनंच जुनं धाडलं असंल," तो म्हणाला. "ऑनलाइनचं असंच असतंय."

"मग लातूरला विकलेलं कोरं कुठून आलं?"

"ते... दुसरं होतं."

"बालाजीभाऊ, टॅबचा गार्ड कुणी नेला?"

बालाजीनं घसा खाकरला. "विनोदनं. टॅब घेतला म्हणला होता. मी तवा बोललो न्हाई, म्हणलं घरचा वाद, आपण कशाला."

मागून पंचफुलाबाई ओरडल्या, "अरे मुडद्या! तो लसूण कुणाचा होता रे?"

कुणीही हसलं नाही. गल्लीतल्या घराघरांत एक बिघडलेली वस्तू होती, आणि प्रत्येकजण आता तिच्याकडे मनातल्या मनात बघत होता. कुणाची इस्त्री, कुणाचा पंखा. इतकी वर्षं ते एका लांबच्या कंपनीला शिव्या देत आले होते.

"दाणे मेलेत, हे तुला सांगितलं होतं," मी म्हटलं. "तरी लावलंस. का?"

विनोद चिडून म्हणाला, "ताई, मोठे बाबा तसेबी किती दिवसांचे होते? मशीननं काय फरक पडणार होता?"

हेच होतं ते. मला हवं होतं तेच, आणि ऐकल्यावर मला त्याला हाणावंसं वाटलं. माझ्या हातात माइक होता. मी तो खाली ठेवला.

तेवढ्यात आईनं मान वर केली. "मनिषा."

सगळ्या गल्लीनं वळून पाहिलं. इतक्या दिवसांत तिचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नव्हता.

"मी पाचवर केलं, तवा त्यातनं ऑक्सिजन येत नव्हता?"

"नाही आई."

"जास्तीचा बी न्हाई?"

"जास्तीचा नाही, कमीचा नाही. नुसती हवा होती. तू दहावर केलं असतंस तरी हवाच आली असती."

ती तिथंच बसून राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि विनोदपुढे जाऊन उभी राहिली. तो "मोठी आई" म्हणून तिच्या पायाशी वाकू लागला. ती मागे सरकली.

"पायाला हात लावू नको," ती म्हणाली. "चल माझ्यासंगं."

पोलीस ठाण्यापर्यंत ती पुढे चालली. तिच्यामागे विनोद, त्याच्या दोन्ही बाजूंनी गल्लीतली माणसं, मग मी, बालाजी, उमाशंकर. ठाण्यातला फौजदार जेवत होता. इतकी माणसं पाहून हात न धुताच उठला. "काय झालं आजी? तक्रार कुणाची?"

"माझी," आई म्हणाली. तिचा आवाज पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला. "माझ्या मालकाचा जीव चालला होता, म्हणून मशीन पाचवर मी केलं होतं. हे आधी लिहा. मग ह्याला इचारा, मशीनमधी काय होतं."